राणे मॅडमची वीजबचत

तुम्ही वाचत असताना राणे मॅडम तुमच्या डोक्यावरचा पंखा बंद करतात. तक्रार केली तर म्हणतात, "घाम आला की झोप येत नाही. परीक्षा तुझीच आहे ना?"

अंधेरीतल्या एका विद्यापीठात त्या ग्रंथपाल आहेत. दिंडोशीत माझ्या समोरच्या घरात एकट्या राहतात. विद्यापीठाने शाश्वत विकासाचं धोरण जाहीर केलं, तेव्हा इतर विभागांनी फलक लावले. मॅडमनी ते धोरण खरं मानलं. संध्याकाळी अभ्यासिकेतल्या सगळ्यांना त्या एकाच टेबलाभोवती, एकाच ट्यूबलाइटखाली बसवू लागल्या. कोणी लांबचा कोपरा धरला की मालवणीत हाक यायची, "गो चेडवा, थंय काय करतंस? हंय ये!"

वीजबिल घसरलं. मॅडमचा सत्कार झाला. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं रोप मिळालं.

पुढच्या आढावा बैठकीत तेच बिल पुन्हा निघालं. वीज इतकी कमी, म्हणजे संध्याकाळी कोणी येत नाही, असं ठरलं. अभ्यासिका पाचला बंद होऊ लागली. मॅडम कुलसचिवांकडे गेल्या.

"साहेब, पोरं येतात. मीच त्यांना एका दिव्याखाली बसवते."

"मॅडम, माणसं असती तर वीज लागली असती," कुलसचिव म्हणाले.

दिवसा नोकरी करणारे वाचक तुटले. त्यातली अश्विनी मॉलमध्ये कपड्यांच्या घड्या घालायची. बी.ए.चं शेवटचं वर्ष. घर एका खोलीचं, माणसं सहा. यंदा परीक्षा नको, असं तिने ठरवल्याचं मॅडमना कळलं.

"मीच वाट लावली रे तिची," माझ्या दारात उभ्या राहून त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी तिच्या आईला भेटून आल्या.

आता अश्विनी कामावरून थेट त्यांच्या घरी येते. बाहेरच्या खोलीत वाचते. मॅडम स्वयंपाकघरात दार लोटून बसतात. बाकीचे वाचक कुठे गेले, कोणाला माहीत नाही.

परवा रात्री मी विरजण मागायला गेलो. ओट्यावर कुकर भरून ठेवलेला, झाकण बाजूला, गॅस बंद.

"जेवायचं नाही?"

"हळू बोल. ती वाचून उठली की लावते. शिटी होते ना."

"तांदूळ बराच दिसतोय."

"दोघींचा आहे. रोज घालते." त्यांनी दाराकडे पाहिलं. "जेवायला थांब म्हणायला धीर होत नाही रे. उगाच तिला वाटायचं, बाईने सोबतीसाठीच बोलावलं."