पूज्य, काटेकोर आणि कष्टाळू

तिसऱ्या सराव परीक्षेतही शब्दार्थाचे वीसच्या वीस प्रश्न चुकले, तेव्हा बर्नरबाईंनी हातातली पेन्सिल टेबलावर ठेवली. ठेवली म्हणजे अशी ठेवली की तिचे दोन तुकडे झाले. पलीकडे नवरा शर्टाला इस्त्री करत होता. त्याने काही न विचारता इस्त्रीचं बटण बंद केलं. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती, आणि घरात एका वेळी एकच गोष्ट तापलेली बरी, एवढं त्याला कळत होतं.

बर्नरबाई हे नाव त्यांना पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतल्या लोकांनी ठेवलं होतं. काडी दाखवायचा अवकाश, की भडकल्याच. हे नाव आपल्याला पडलंय हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्याचाही त्यांना राग होता. मोठा राग मात्र दुसराच होता. अकरा वर्षं त्या तिथे नळ्या आणि नमुने घेऊन उभ्या होत्या, आणि मागून आलेले तिघे पदव्युत्तर पदवीच्या जोरावर त्यांच्या डोक्यावर जाऊन बसले होते. म्हणून यंदा त्यांनी प्रवेश परीक्षेला बसायचं ठरवलं. गणित त्यांच्या डाव्या हातचा मळ, शास्त्र उजव्या हातचा. इंग्रजीने मात्र त्यांच्याशी उभं वैर धरलं होतं. परीक्षा नऊ दिवसांवर आली होती.

"शून्य?" नवऱ्याने हळूच विचारलं.

"शून्य."

"पुन्हा?"

"मोजायला तुला बसवलंय का?"

"अगं, पण अभ्यास तर झालाय तुझा. सहाशे बारा शब्द तोंडपाठ आहेत. मी स्वतः म्हणून घेतलेत."

"तेच तर म्हणतेय मी! पाच पर्यायांतला एक बरोबर. डोळे मिटून खुणा केल्या तरी वीसमधले चार यायला हवेत. माकडाला बसवलं तर माकडाला चार मिळतील. मला शून्य! तेही तीनदा! असं शून्य मिळवायला अभ्यास लागतो, अभ्यास!"

एवढं बोलून बाई एकदम थांबल्या. आपण रागाच्या भरात काहीतरी शहाणपणाचं बोललो, असं त्यांना वाटलं. प्रयोगशाळेत दिवसभराचे सगळे आकडे एकजात चुकायला लागले तर त्या पाण्याला दोष देत नसत, आधी तराजू तपासत. अधूनमधून चुकणं हा निष्काळजीपणा. सारखं चुकणं म्हणजे यंत्रात बिघाड.

त्यांनी शब्दांची जाडजूड फाइल पुढे ओढली. शिकवणीच्या पुस्तकातली अक्षरं मुंगीएवढी होती, म्हणून नवऱ्याने महिनाभर खपून ती सगळी संगणकावर टाइप करून दिली होती. तो बस डेपोत वेळापत्रकं बनवायचा, आणि तक्ता या गोष्टीवर त्याचा बायकोपेक्षा जास्त विश्वास होता. डाव्या रकान्यात शब्द, उजव्या रकान्यात अर्थ, मध्ये निळी रेघ.

बाईंनी 'व्होलटाइल' काढला. तक्त्यात अर्थ होता, अखंड बडबडणारा. हा शब्द पाठ करतानाही त्यांना खटकलं होतं, कारण प्रयोगशाळेतलं व्होलटाइल म्हणजे पटकन उडून जाणारं. पण साहित्यातला अर्थ वेगळा असेल, असं म्हणून त्यांनी तेव्हा मनाची समजूत घातली होती. आता त्यांनी वरची ओळ पाहिली. तिच्यासमोर लिहिलं होतं, पटकन उडून जाणारा.

त्यांनी शेवटचं पान उघडलं. शेवटच्या शब्दासमोरचं घर रिकामं होतं.

"हे रिकामं का?"

"मला वाटलं, त्याला अर्थ नसेल," नवरा म्हणाला. "इंग्रजीत असतात तसे काही शब्द."

मुंगीच्या अक्षरांचं पुस्तक आणलं गेलं, भिंग आणलं गेलं, आणि पाच मिनिटांत निदान झालं. पहिल्याच पानावर लागोपाठच्या दोन शब्दांचा अर्थ एकच होता. नवऱ्याला वाटलं, आपल्या हातून चुकून दोनदा पडला. त्याने एक पुसला. पुसल्याबरोबर खालचे सगळे अर्थ शिस्तीत एकेक घर वर सरकले. चार महिने बर्नरबाई प्रत्येक शब्दाचा अर्थ म्हणून त्याच्या शेजाऱ्याचा अर्थ घोकत होत्या.

त्यानंतरची दहा मिनिटं त्या जे बोलल्या, त्यातला एकही शब्द परीक्षेच्या यादीत नव्हता.

"एका ओळीचीच तर चूक आहे," नवरा शेवटी पुटपुटला.

"उद्या बसचं वेळापत्रक एक ओळ वर सरकव, म्हणजे कळेल!"

"सरकलं होतं एकदा. लोक मिळेल त्या बसमध्ये चढले. फारसं कोणाला कळलं नाही."

कोणाला कळलं नाही, हे ऐकल्याबरोबर बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. नवऱ्याने पंधरा वर्षांत त्यांना लालेलाल झालेलं अनेकदा पाहिलं होतं, पांढरं कधीच नाही. त्याने घाबरून खुर्ची पुढे केली.

"मानपत्र!" बाई म्हणाल्या.

गुरुवारी प्रयोगशाळेचे साहेब निवृत्त झाले होते. या साहेबांनी बाईंचा शिक्षणाच्या रजेचा अर्ज दोन वर्षं खणात दाबून ठेवला होता. बाईंनी केलेल्या तपासण्या साहेब स्वतःच्या नावावर परिषदांत वाचत. बाटलीबंद पाण्याच्या कारखान्यांतून त्यांच्या घरी अधूनमधून खोकी जात, आणि त्या खोक्यांत पाणी नसे. अशा माणसाचं मानपत्र लिहायची पाळी नेमकी बाईंवर आली. "तुमचं इंग्रजी चालूच आहे, तुम्हीच लिहा," म्हणून सगळ्यांनी अंग काढून घेतलं. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण विद्यापीठाला साहेबांचं शिफारसपत्र हवं होतं. शेवटी बाईंनी दातओठ खात तक्त्यातले तीन भारीतले शब्द निवडले. पूज्य म्हणून व्हीनल. काटेकोर म्हणून मेन्डेशस. कष्टाळू म्हणून इन्डोलन्ट. सोनेरी अक्षरं, काचेची फ्रेम. समारंभात ते मोठ्याने वाचलं गेलं, साठ माणसांनी टाळ्या वाजवल्या. मुख्य कचेरीतून आलेल्या पाहुण्यांनी तर 'मेन्डेशस'ला डोळे मिटून दाद दिली होती.

आता बाईंनी भिंग घेऊन खरे अर्थ पाहिले. व्हीनल, लाचखाऊ. मेन्डेशस, खोटारडा. इन्डोलन्ट, आळशी.

"अगं, पण हे तर..." नवरा म्हणाला.

"एक अक्षर बोलू नकोस! गाडी काढ!"

साहेबांचं घर वीस मिनिटांवर होतं. दार त्यांनी स्वतःच उघडलं, आणि बाईंना पाहून त्यांचा चेहरा खुलला. दिवाणखान्यात, दारातून शिरताच समोर दिसेल अशा जागी ती फ्रेम टांगलेली होती. साहेबांची बायको स्टुलावर उभी राहून तिची काच पुसत होती.

"या, या! आत्ताच शेजारचे वाचून गेले," साहेब म्हणाले. "हिला म्हटलं, बघ, जे तुला पस्तीस वर्षांत कळलं नाही, ते ऑफिसला कळलं."

"साहेब, छपाईत जरा चूक राहिलीय," बाई शक्य तितक्या गोड आवाजात म्हणाल्या. त्यांना गोड आवाजाची सवय नसल्यामुळे तो घसा बसल्यासारखा वाटला. "फ्रेम दोन दिवस नेते आणि नीट करून आणते."

"किती शब्दांची चूक?"

"तीन."

"तीनच ना? असू दे हो! भावना महत्त्वाच्या. आणि बाई, तुमचं काम करून टाकलं बरं का."

"कुठलं काम?"

"शिफारसपत्र! शुक्रवारी सकाळीच विद्यापीठात पाठवलं."

रजेच्या अर्जावर दोन वर्षं बसून राहिलेल्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा एक काम वेळेत केलं होतं.

"काय लिहिलंत, साहेब?"

"नवीन काय शोधत बसायचं? तुम्ही इतके छान शब्द निवडले होते. तुमचंच मानपत्र घेतलं, माझं नाव काढलं, तुमचं घातलं. आणि जिथे जिथे इंग्रजीतलं 'ही' होतं, तिथे तिथे 'शी' केलं."

"शी!" नवऱ्याच्या तोंडून निघून गेलं.

बाईंनी दहापर्यंत आकडे मोजायला सुरुवात केली. तीनवर भडका उडाला.

"साहेब, व्हीनल म्हणजे लाचखाऊ! मेन्डेशस म्हणजे खोटारडा! आणि इन्डोलन्ट म्हणजे आळशी! तुम्ही विद्यापीठाला कळवलंत, की मी लाचखाऊ, खोटारडी आणि आळशी आहे! सहीशिक्क्यानिशी!"

साहेबांची नजर सावकाश फ्रेमकडे वळली.

"म्हणजे तुम्ही साठ लोकांसमोर मला..."

"मुद्दाम नाही! मला तुम्हाला पूज्य म्हणायचं होतं! काटेकोर आणि कष्टाळू म्हणायचं होतं! आणि ते लिहिताना माझे दात कसे कडकडत होते, ते मलाच माहीत! अर्ज दाबलात तुम्ही माझा! माझी कामं तुमच्या नावावर वाचलीत! एवढं करून तुमची स्तुती लिहायला घेतली, तर ती सुद्धा नीट खोटी लिहिता आली नाही मला!"

साहेबांची बायको अजून स्टुलावरच होती. तिला हसू फुटलं, आणि ते आवरेना, तेव्हा ती फ्रेम धरून हसू लागली.

"पस्तीस वर्षं मी हेच साध्या भाषेत सांगतेय," ती डोळे पुसत म्हणाली. "इंग्रजीत सांगितलं असतं तर भिंतीवर लावलं असतं यांनी, हे सुचलंच नाही मला."

साहेबांनी फ्रेमवरून नजर काढली. मग त्यांनी घसा साफ केला.

"बाई, हे समारंभात कोणाला समजलं असेल?"

"नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

"मुख्य कचेरीतले?"

"ते तर माना डोलवत होते."

"मग असू दे भिंतीवर," साहेब म्हणाले. "पण दुसरं पत्रबित्र मी लिहिणार नाही. माझा अपमान झालाय."

वहिनी स्टुलावरून उतरल्या. त्यांनी कागद आणला, पेन आणलं, आणि साहेबांना खांद्याला धरून टेबलाशी बसवलं.

"लिहा. मी सांगते तसं. सोपं लिहा, तुम्हाला येतं तेवढंच. ही बाई मन लावून काम करते. खोटं बोलत नाही. कोणाकडून काही घेत नाही. माझ्या नावावरची बरीच कामं हिने केलेली आहेत."

"हे शेवटचं?"

"लिहा म्हटलं ना. आणि पुढे, फार चिडते."

"वहिनी, ते नको हो," बाई कळवळून म्हणाल्या.

"अगं, एक तरी खोट दाखवायला हवी. नाहीतर बाकीचं कोण खरं मानेल?"

साहेबांनी लिहिलं. छोटे छोटे शब्द होते, एकाचाही अर्थ शोधावा लागला नाही. सही करताना त्यांनी पेन इतकं दाबलं की कागद फाटता फाटता राहिला. बाईंना फार चिडायचं होतं, पण कशावर चिडावं हे त्या घटकेला सापडेना. त्यांनी वहिनींचे हात हातात घेतले आणि पत्र घेऊन त्या बाहेर पडल्या.

पुढचे नऊ दिवस भिंग आणि मुंगीची अक्षरं. नवऱ्याला शब्द विचारायची परवानगी होती, टाइप करायची नव्हती. परीक्षेत वीसपैकी तेरा शब्द बरोबर आले आणि दीड महिन्याने मुलाखतीचं बोलावणं आलं.

समोर तीन प्राध्यापक होते. मधल्या वयस्कर बाईंनी चष्मा पुसला आणि दोन कागद शेजारी शेजारी मांडले.

"एकाच अधिकाऱ्याची ही दोन पत्रं आहेत, काही दिवसांच्या अंतराने आलेली," त्या म्हणाल्या. "पहिल्यात तुम्ही लाचखाऊ, खोटारड्या आणि आळशी आहात. दुसऱ्यात अगदी उलट. माझ्या उभ्या नोकरीत असं कधी पाहिलं नाही. यातलं खरं कोणतं?"

बाईंनी उत्तर घोकून ठेवलं होतं. तक्ता, रकाना, पुसलेला अर्थ, सगळं इंग्रजीत, ओळीने. पण पहिलं पत्र डोळ्यांसमोर आलं, त्यावरची ती ऐटबाज सही दिसली, आणि तळपायापासून ओळखीची आग वर चढली. पाठ केलेलं सगळं जळून गेलं.

"दोन्ही खरी आहेत, मॅडम," त्या म्हणाल्या. "फक्त पहिलं माझ्याबद्दल नाही."