किल्लीकाका बाहेर आणि डाव आत

"जागा बदलली की चाल बदलायची! यालाच डोकं म्हणतात!" किल्लीकाकांनी दाढी करता करता आरशाला सांगितलं. आरसा काही बोलला नाही. काकू बोलल्या.

"आधी गालावरचा साबण पुसा. वाळलाय."

किल्लीकाका म्हणजे कुलपांचं दुकान चालवणारे गृहस्थ. दिवसभर लोकांची अडकलेली दारं उघडायची आणि संध्याकाळी टॅबलेटवर पोकर खेळायचा, हा त्यांचा नेम. पैशांचा नव्हे हं, नुसत्या पॉइंटांचा! जुन्या साइटवर त्यांचा केवढा दबदबा! तिथली मंडळी जपून खेळणारी. काकांनी हातात काहीही नसताना ढीगभर पॉइंट पुढे सरकवले, की समोरचे विचार करकरून घाम पुसायचे आणि पत्ते टाकून द्यायचे. अशा थापा मारून काका दर स्पर्धेत पहिल्या तिघांत. पण ती साइट एके दिवशी बंद पडली आणि काकांना नव्या साइटवर बिऱ्हाड हलवावं लागलं.

तिथे मात्र पहिल्याच आठवड्यात तीनदा तोंडघशी! काका थाप मारायचे आणि समोरचा बिनदिक्कत "दाखव पत्ते" म्हणायचा. मेहुण्याने फोनवर समजावलं, "भाऊजी, इथे पॉइंट फुकट वाटतात. हरलं तर उद्या पुन्हा मिळतात, मग घाबरेल कोण? थापा बंद करा. चांगले पत्ते येईपर्यंत गप्प बसा!"

"गप्प? मी?" काका उखडले. "माझं धोरण ठरलंय. लहान थापांना इथले घाबरत नाहीत ना? मग मोठ्या मारायच्या!"

काकूंनी हे सगळं ऐकलं आणि हातातला टॉवेल खाली ठेवला.

"हे बघा, किती वर्षं झाली, रोज संध्याकाळी मी एकटीच फिरायला जाते. बागेतल्या बाकांना माझी दया यायला लागलीय. मला तुमची सोबत हवी आहे. म्हणून आज एकदाच काय तो निकाल लावू. आजच्या स्पर्धेत शेवटच्या नऊ जणांत आलात, तर या खेळाबद्दल जन्मात ब्र काढणार नाही. नाही आलात, तर ते खूळ टॅबलेटवरून काढायचं आणि उद्यापासून माझ्याबरोबर चालायचं. कबूल?"

"कबूल!" काका गरजले खरे, पण संध्याकाळचा तो एक तास म्हणजे त्यांचा जीव की प्राण!

संध्याकाळी काकू फिरायला गेल्या. काकांनी तळमजल्यावरच्या आपल्या घरात खिडकीजवळचं टेबल धरलं. स्पर्धा सुरू झाली, आणि थोड्याच वेळात त्यांनी आयुष्यातली सर्वांत मोठी थाप मारली. हातात दुरी आणि सत्ती, आणि पुढे सरकवले अर्धे पॉइंट! समोरच्या खेळाडूने डोळ्यांची पापणी लवायच्या आत "दाखव पत्ते" केलं. गेले अर्धे पॉइंट!

काकांना दरदरून घाम फुटला. त्यांनी गार वाऱ्यासाठी खिडकी सताड उघडली. तेवढ्यात दारावरची बेल वाजली. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई हातात बॅग आणि छत्री घेऊन उभ्या होत्या. 

"किल्लीकाका, हिचं कुलूप अडकलंय हो."

"आणा इकडे, उजेडात बघतो," म्हणत काका दोन पावलं बाहेर आले. खिडकीतून वाऱ्याचा झोत आला आणि धाडकन! दार बंद.

हे कुलूप काकांनी गेल्याच महिन्यात स्वतः बसवलं होतं. दार लागलं की आपोआप बंद होणारं! "हे बाहेरून माझ्या बापालाही उघडणार नाही," असं तेव्हा त्यांनी सगळ्या इमारतीला ऐकवलं होतं. आणि बाप नामांकित कुलूपवाला होता! घराची किल्ली आत, दुकानाची आत, हत्यारांची पेटीही आत.

"काकूंना फोन करू या," बाई म्हणाल्या. त्यांनी केला. घंटी घरातूनच ऐकू आली. काकू फोन न घेता फिरायला जात.

काका धावत खिडकीशी गेले. गजांतून टॅबलेट स्पष्ट दिसत होता, पण हात पोचत नव्हता. पडद्यावर अक्षरं आली: "खेळाडू जागेवर नाही." आता साइट आपली आपण त्यांचे पत्ते टाकू लागली, आणि दर फेरीला त्यांचे थोडे पॉइंटही कापू लागली.

"बाई! दोन एक्के आलेत! दोन एक्के!" काका गजांना धरून ओरडले. साइटने दोन्ही एक्के शांतपणे टाकून दिले. काका मटकन खाली बसले.

"उठा," बाई चष्मा नीट करत म्हणाल्या. "तिथे लिहिलंय, उरलेले खेळाडू चाळीस. मघाशी साठ होते. ही मुलं एकमेकांवर धावून जाऊन आपटताहेत. तुमच्या वाटेला मात्र कोणी जात नाही."

काका उठले. खरंच की! तीस झाले. वीस झाले. इकडे काकांचे पॉइंट साबणाच्या वडीसारखे झिजत होते. बारा... अकरा... आता एकच फेरी पुरेल एवढे पॉइंट उरले. काकांनी नखं खाल्ली. बाईंनी, आयुष्यात प्रथमच, स्वतःची खाल्ली. आणि मग एकाच डावात दोघे आडवे झाले!

"नऊ!" दोघं एकदम किंचाळले. आनंदाच्या भरात काकांना आता कुठे बाईंच्या हातातली छत्री दिसली. ती हिसकावून त्यांनी गजांतून आत खुपसली. टोक नेमकं "मी आलो" या बटणावर टेकलं. "आता बघा खरा खेळ!" म्हणत त्यांनी पुन्हा टोचलं, ते "सगळं लावा"वर! हातात तिरी आणि अठ्ठी. पुढच्याच क्षणी पडद्यावर झळकलं: आपण स्पर्धेबाहेर. क्रमांक नववा.

"पण नऊ जणांत आलो! जिंकलो!" काका छत्रीसकट नाचू लागले, तेव्हा मागे काकू उभ्या होत्या. गळ्यात किल्ली, चेहऱ्यावर प्रश्न. बाईंनी आयुष्यभर खोटं बोलू नका म्हणून मुलांना शिकवलेलं. त्यांनी एक्क्यांपासून छत्रीपर्यंत सगळं सांगून टाकलं.

काकूंनी दार उघडलं. क्षणभर टॅबलेटकडे बघितलं.

"शब्द म्हणजे शब्द. खेळ बंद करायचा नाही," त्या म्हणाल्या. काकांचा चेहरा खुलला. "पण मला एक सांगा. तुम्ही बसलात तेव्हा अर्धे पॉइंट गेले. बाहेर होतात तेव्हा नऊ जणांत आलात. परत आलात तर लगेच हरलात. बरोबर?"

"बरोबर, पण..."

"मग तुमच्या खेळासाठी तुम्ही घरी नसणंच बरं. उद्या चपला घाला."

तेव्हापासून रोज संध्याकाळी टॅबलेट टेबलावर एकटाच खेळतो, आणि काका काकूंबरोबर बागेला फेऱ्या मारतात. किल्ली काकूंच्या गळ्यात. आता काकांना फिरणं आवडायला लागलंय म्हणे. फक्त परत आल्यावर पडद्याकडे बघायचं मात्र ते टाळतात, कारण परवा तो त्यांच्याशिवाय चौथा आला!