भोकं बुजवणारा दीडशहाणा

"इतका निर्मळ स्फटिक जगात कुणी बनवलेला नाही!" प्रयोगशाळेतल्या संशोधकाने छाती फुगवून जाहीर केलं. छाती बेताचीच, पण फुगवायला कुणाची परवानगी लागते?

त्याचा स्फटिक थराथरांचा, धातू आणि सेलेनियम भट्टीत तापवून वाढवलेला. चिकटपट्टी लावून ओढली की पापुद्रा निघे. कडक थंडीत त्यातले इलेक्ट्रॉन कवायतीला उभे राहिल्यासारखे रांगा धरत. कुठे दाट, कुठे विरळ. ह्यालाच म्हणायचं इलेक्ट्रॉनची लाट. ऊब लागली की बाकी सगळ्यांच्या स्फटिकांतल्या लाटा विरतात. ह्याची विरली नाही!

"बाहेरून तज्ज्ञ बाई येताहेत," प्रयोगशाळेचे प्रमुख सर म्हणाले. "त्यांना लाट दिसली तर तुझी नोकरी पक्की. नाही दिसली तर टेबल रिकामं कर." स्वतः सरांनी भट्टीला हात लावून जमाना झाला होता, पण धमकी अजून ताजी निघायची.

दीडशहाण्याला वाटलं, लाट टिकली ती शुद्धतेमुळे. मग आणखी शुद्ध करू! डोळ्यांत तेल घालून वजनं केली, नवा स्फटिक वाढवला. त्याच खुशीत घरचा गळका नळही दुरुस्त केला.

बाई आल्या. नवा स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली गेला, ऊब दिली आणि लाट गायब! कर्जाचा हप्ता मागायला माणूस आल्यावर कर्जदार गायब होतो तशी.

"जुना दाखवा," बाई म्हणाल्या.

जुन्याचा शेवटचा पापुद्रा उरला होता. बघतात तर चाळण! जागोजाग सेलेनियमचे अणूच नाहीत, आणि प्रत्येक भोकाला लाट घट्ट धरून उभी.

"अहो, भोकांच्या आधाराने टिकली होती ती! तुम्ही भोकंच बुजवलीत! असाच पुन्हा बनवून दाखवा, तर मानू."

"सेलेनियम किती कमी घातलं होतंस?" सर ओरडले.

त्याला काय ठाऊक! जास्त भोकं पडली तर लाट फाटते, कमी पडली तर सुटते. एवढंच आठवत होतं की वजन करताना कानाला फोन होता आणि बायको नळावरून झापत होती. त्या नादात सेलेनियम थोडं सांडलं होतं!

त्याने तडक घर गाठलं. पाना घेऊन नळ पुन्हा ढिला केला. टप्, टप्, टप्.

"अगं, उद्या वजन करताना मला फोन कर. मागच्यासारखी कडकडून भांड. नोकरीचा प्रश्न आहे!"

बायकोने नळाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. मग नळाखाली बादली सरकवली.

"असू दे हो," ती मायेने म्हणाली. "आधीच तुमच्या डोक्याला किती ताप!"

इतकं गोड ती लग्नातसुद्धा बोलली नव्हती.