वखराच्या दांडीवरचा तास

देवराव सर हजेरीपटावर सही करतात तीही एका पायावर उभं राहून. डबाही एका पायावरच खातात. एकदा चांदूर बाजारला बँकेच्या रांगेत ते असेच उभे होते, तेव्हा मागच्या म्हातारीनं कळवळून विचारलं, "पाय भाजला काय गुरुजी?"

"नाही माय," सर म्हणाले, "दोन पायावर तं कोणीबी उभं राह्यते."

आमच्या गावच्या शाळेत मी चौथीला शिकवतो आणि खेळाचा तास सरांचा. वर्षाच्या सुरुवातीला वरून पत्रक आलं: मुलांमध्ये तोल साधण्याचे कौशल्य विकसित करावे, साहित्य स्थानिक पातळीवर उपलब्ध करून घ्यावे. खात्याची दूरदृष्टी बघा! त्या वर्षी गावात पीक सोडून सगळं स्थानिक पातळीवर उपलब्ध होतं. दर बाजाराला कोणाची तरी बैलजोडी विकली जायची आणि रिकामे वखर गोठ्याला टेकून उभे असायचे. सरांनी असल्याच कुठल्याशा वखराची लांब बाभळीची दांडी आणली, दोन्ही टोकांना विटांत घट्ट बसवली आणि पोरांना तिच्यावरून चालवू लागले.

"नजर समोर! पायाकडं काय पायतं? पाय काय पळून चालले?" हे दिवसातून चाळीस वेळा. शेवटचं पोर उतरलं की सर वाकून दांडीला हात लावायचे आणि तो हात छातीशी न्यायचे. मला वाटायचं, नाटकं. "काय हो, ऑलिंपिकचं मैदान आहे का हे?" असं मी विचारलंही. ते नुसते हसले आणि त्यांनी पाय बदलला.

हेडमास्तरांना मात्र ती दांडी डोळ्यात खुपायची. खिचडी शिजवणाऱ्या कांताबाईला जळण पुरत नव्हतं. "बुधवारी तपासणीला साहेब येतात. त्यांना तुमचा तास पटला तर ठीक, नाहीतर दांडी चुलीत," त्यांनी सांगून टाकलं. त्या दिवशी सर मला पहिल्यांदा दोन्ही पायांवर उभे दिसले.

साहेब आले. पोरं झकास चालली. दुसरीतली घाबरट सुमनसुद्धा जीभ बाहेर काढून पलीकडे पोचली. साहेब खूश झाले. "वा! आता सर, तुम्ही दाखवा बरं."

"मी नाही चढत साहेब."

"अहो, चार पावलं!"

"नाही जमत मले."

पोरं खो खो हसली. मीही हसलो, खोटं कशाला बोलू? जगाला एका पायाचं तत्त्वज्ञान पाजणारा माणूस वीतभर उंचीला घाबरला! 'शिक्षकालाच येत नाही' असा शेरा लिहून साहेब चहाला गेले. हेडमास्तरांनी कांताबाईला हाक मारली, "उद्या सकाळी फोडून घे."

शाळा सुटल्यावर मी सरांची फिरकी घ्यायला मैदानात गेलो. ते रुमालानं दांडी पुसत बसले होते.

"काय हो, चढला का नाहीत?"

"माह्या बापाचा वखर होय सर हा," ते वर न बघता म्हणाले. "जलमभर हाकलला त्यानं. बैल गेले, वावर गेलं, बाप गेला. आता याच्यावर मी पाय कसा देऊ?"

"आणि पोरं रोज नाचतात ते?"

"लेकरायच्या पायाचं काय बाप्पा! लेकरं तं बापाच्या छातीवरबी नाचते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी घरून कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांचा भला मोठा भारा स्कूटरला बांधला आणि रस्ताभर झोके खात शाळेत आलो. भारा कांताबाईच्या चुलीपुढं टाकला. "हे जाळा बाई. दांडीला हात लावायचा नाही."

"अन् हेडमास्तर बोंबलतीन तं?"

"त्यांना मी बघतो."

परत वळताना घाईत माझी चप्पल दांडीला लागली. कोणी बघत नाही असं समजून मी वाकलो, दांडीला हात लावला आणि छातीशी नेला. मान वर केली तर व्हरांड्यात देवराव सर एका पायावर उभे. माझ्याकडे बघून ते हसले आणि त्यांनी दुसरा पाय हळूच खाली टेकवला.