दंतवैद्याची बोट

अंगणात पालथ्या घातलेल्या बोटीचा जुना रंग मुलगी खरवडत होती. तिच्या हातातली पटाशी एका फळीत मुठीपर्यंत गेली. ना आवाज, ना विरोध. आत शिळ्या पावासारखं ओलं, काळं लाकूड होतं.

रविवारी एक शाळामास्तर बोट विकत न्यायला येणार होते. दोन लहान मुलांना घेऊन मासे धरायला जायचा त्यांचा बेत होता. त्याआधी बोटीवर रंगाचा एक हात फिरवावा, एवढंच तिने ठरवलं होतं.

बाबा जाऊन दोन महिने होत आले होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही बोट धाकट्या भावाकडून विकत घेतली. याच बोटीतून आपण पैलतीराला कसे जाऊन यायचो, ते काका चहाच्या प्रत्येक कपाबरोबर सांगत. बाबांनी मात्र ती एकदाही पाण्यात घातली नाही. घासायची, रंगवायची आणि आत बसून पेपर वाचायचा. काकांनी त्यांचं नाव ‘कोरडे कप्तान’ ठेवलं. ते इतकं रुळलं, की बाबांच्या अंत्ययात्रेतही कुणीतरी ते काढलं आणि लोक तोंडाला रुमाल लावून हसले.

मुलीने सुताराला बोलावलं. त्याने ‘बघतो’ म्हटलं की एक भोक पडायचं. एका भोकाशेजारी लाकूड ठीक आहे ना हे बघायला दुसरं, दुसऱ्याची खात्री करायला तिसरं. दुरुस्त होईल का, असं तिने विचारलं.

“होईल म्हणाल तर होईल,” तो म्हणाला. “परवडेल का म्हणाल, तर नवी बांधा.”

तेवढ्यात त्याच्या हत्याराला काहीतरी टणक लागलं. आतून पांढरी, गुळगुळीत गोळी निघाली. मग दुसरी, मग तिसरी. फळीभर ओळीने बसवलेल्या, कडा घासून चकचकीत केलेल्या.

“बोटीला दाढा?” सुतार म्हणाला. “भरल्या कुणी?”

“बाबांनी. दंतवैद्य होते.”

“तरीच. पण दाढ भरली की कीड थांबते. लाकडाची कूज कडेकडेने पुढे जाते.”

त्या भरणाच्याही खाली गोणपाट निघालं, गोणपाटावर पुट्टी, आणि पुट्टीवर निळा रंग. बोट निळी होती ती काकांकडे असताना. मुलीने वर ताडपत्री ओढली, सुताराला उद्या यायला सांगितलं आणि ती स्वयंपाकघरात गेली. बाबांना हे ठाऊक होतं का, असं तिने आईला विचारलं. आई भांडी विसळत राहिली.

“पहिल्याच आठवड्यात कळलं. म्हणाले, बोट तर गेलीच, बोललो तर भाऊही जाईल. मी म्हटलं, जाऊ देत दोन्ही, मला कपडे वाळत घालायला अंगण तरी मिळेल.”

संध्याकाळी काका आले. बोटीचं लाकूड थोडं खराब निघालंय, एवढंच मुलीने सांगितलं. काकांनी तिला समजावलं, की जुनी वस्तू म्हटली की असं चालायचंच. पुट्टी भरावी, रंग फासावा आणि द्यावी ढकलून. घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावं.

“चालेल,” मुलगी म्हणाली. “फक्त मास्तरांना एकदा पाण्यात चालवून दाखवायचीय. तुम्हीच न्या काका, तुमचा हात बसलाय. मुलांनाही बरोबर घ्या.”

काकांचा कप बशीत टेकला. रविवारी वारा असतो, ते म्हणाले. शिवाय त्यांचा गुडघा धरला होता. मुलीने बिस्किटांची बशी त्यांच्यापुढे सरकवली, तेव्हा ते खिडकीबाहेरच्या ताडपत्रीकडे न बघता म्हणाले, “मुलं असतील तर जपलेलं बरं. पुढून डावीकडची तिसरी फळी जरा बघून घे.”

ती फळी कुठली, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. स्वयंपाकघरात आईने नळ बंद केला.

“दादाला...” काकांनी घसा साफ केला. “दादाला माहीत नव्हतं ना?”

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. नाक बाबांचंच होतं.

“नाही,” ती म्हणाली.

काकांचे खांदे सैल झाले. त्यांनी बिस्कीट उचललं, चहात बुडवलं. “तरीच. मी म्हणायचो ना, त्याला मुळातच पाण्याची भीती.”

आईने ओट्यावरचं फडकं पिळलं, दोरीवर टाकलं आणि बाहेर येऊन त्यांच्यासमोर बसली.

“भावजी, बोट विकायची नाही. मास्तरांना मी कळवते. उद्या सुतार येतोय, त्याला हाताखाली माणूस हवाय. जुने कपडे घालून या. काम होईपर्यंत रोज यायचं.”

“वहिनी, माझा गुडघा—”

“बसूनच करायचं काम आहे,” आई म्हणाली, आणि तिने त्यांच्यापुढची बिस्किटांची बशी उचलून आत नेली.