कापसातला अंतराळवीर

त्या वर्षी कापसाचे भाव असे काही बसले, की माल विकायला कोणी तयारच होईना. भाव चढला की पाहू म्हणून ज्यानं त्यानं कापूस घरात भरून ठेवला. बाबारावांचं घर भरलं, तेव्हा उरलेला कापूस त्यांनी दिग्रसला बहिणीकडे, म्हणजे रत्नप्रभाबाईंकडे, आणून टाकला. बैठकीच्या खोलीत छताला टेकेल एवढा ढीग झाला. रत्नप्रभाबाईंचे यजमान नीळकंठराव, कचेरीतले बाबू, खुर्ची उचलून मुकाट्यानं स्वयंपाकघरात बसायला गेले.

नीळकंठरावांना अंतराळाचा नाद होता. कोणी रजेचा अर्ज घेऊन आला तरी त्याला ते आधी मंगळावर फिरवून आणत, मग अर्जाला हात लावत. चंद्रावर वस्ती होणार याबद्दल त्यांना शंका नव्हती. नळ तिथे तरी रोज येईल का, एवढाच प्रश्न होता. विज्ञानकथा वाचताना मात्र ते चिडायचे.

"यानात बसले की लागले लढायला! अरे, तरंगताना कसं वाटते, ते तर सांगा कोणी!"

कोणी सांगत नव्हतं, म्हणून एका रविवारी दुपारी त्यांनी स्वतःच पाहायचं ठरवलं. अंतराळवीर म्हणे तरंगायचा सराव पाण्यात करतात. नीळकंठरावांना पोहता येत नव्हतं (आणि दिग्रसमध्ये तेवढं पाणी होतं कुठं?). कापूस मात्र होता. रत्नप्रभाबाई शेजारी गेल्या तसा त्यांनी सदरा काढला, नुसत्या बनियनवर ढिगावर चढले आणि पाठ टेकली. कापसानं त्यांना हळूच आत घेतलं. पाय गेले, पोट गेलं, नाक तेवढं वर राहिलं. आवाज नाही, भार नाही. अंगाला खाज सुटली होती, पण अंतराळात थोडे कष्ट असायचेच. लग्नानंतर इतकं शांत त्यांना पहिल्यांदाच वाटलं. डोळा लागला. वरून थोडा कापूस घसरला आणि नाकही दिसेनासं झालं.

जाग आली ती बोलण्यानं. बाबाराव एका जिनिंगवाल्या सेठना माल दाखवायला घेऊन आले होते.

"भाऊजी कुठं गेले?"

"न्हाव्याकडं कटिंगले गेले असतील," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

"माल पिवळा दिसून राह्यला," सेठ म्हणाले. "आतून ओलाही असन."

"नाही जी, खडखडीत वाळेल हाय."

हा सौदा फिसकटला तर उन्हाळाभर कापूस इथंच, हे नीळकंठरावांना ठाऊक होतं. उठावं तर अंगात धड सदरा नाही. ते श्वास रोखून पडून राहिले. तेवढ्यात सेठचा हात कोपरापर्यंत आत शिरला आणि त्यांच्या घामेजलेल्या पोटावरून फिरला.

"पाहा, ओला निंगाला! अन् गरमही झाला!" असं म्हणत सेठनी नमुन्यासाठी चांगली चिमूट धरली आणि ओढली.

नीळकंठराव ओरडतच उभे राहिले. मिशीपासून कमरेपर्यंत सगळा कापूस. सेठ जागीच खाली बसले.

"बाबाराव, हे काय हाय?"

"आमचे भाऊजी हायेत."

"मग कापसात काहून ठेवले?"

"सराव करून राह्यलो होतो," नीळकंठराव म्हणाले. "अंतराळाचा."

"आधी सदरा घाला," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

सेठ तांब्याभर पाणी प्यायले, बाबारावांनी सांगितला तोच भाव त्यांनी कबूल केला आणि घासाघीस न करता निघून गेले. माल उचलला गेला. नवऱ्याच्या पाठीवरचा कापूस वेचताना रत्नप्रभाबाईंनी विचारलं, "वर माणसाले खरंच वजन नसते?"

"मुळीच नसते."

"मग तुम्हाले सराव कायले पाह्यजे? घरात इतकी वर्षं काढलीच ना?"

पुढच्या आठवड्यात बाबारावांच्या गावचे भावसिंग दारात हजर.

"साहेब, माह्या घरीही कापूस पडेल हाय. सेठ उद्या येऊन राह्यले. तुम्ही चाला."

नीळकंठरावांना भरून आलं. चला, गावात कोणाला तरी या विषयाची गोडी लागली!

"येतो की! पण ढीग चांगला खोल पाहिजे. माणूस पुरता बुडाला पाहिजे आत."

"बुडायची काही गरज नाही, साहेब," भावसिंग म्हणाले. "म्या इचारलं सेठले. ते म्हणे, कापसाचं काही नाही, मी तं चेहरा पाहून भ्यालो. तुम्ही नुसते दारात उभे राहा."