मलम की सुई?

चौऱ्याहत्तर साली सोलापुरात सात रस्त्याजवळ विभागीय सूतवाटप मंडळाची कचेरी होती आणि त्या कचेरीत महादेवप्पा नावाचा कारकून कामाच्या वेळेत झोपत असे. यात जगावेगळं काही नव्हतं. दुपारच्या जेवणानंतर सगळी कचेरीच झोपत असे. महादेवप्पाचा गुन्हा एवढाच, की तो सकाळीही झोपे आणि साहेब समोर येऊन उभे राहिले तरी उठत नसे. बाकीची मंडळी शिस्तीची; चपलांचा आवाज कानावर आला की झोपेतच फाइल चाळायला लागायची. शेवटी सेक्रेटरीसाहेबांनी त्याला मेमो दिला: येत्या तीन महिन्यांत कामात तरतरी न दिसल्यास आपणांस सेवेस असमर्थ ठरवून घरी पाठवण्यात येईल.

महादेवप्पा आळशी नव्हता, हे मी आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्हीही साहेबांच्या बाजूला जाऊन बसाल. पस्तिशीतला माणूस, पण जिना चढताना मध्ये थांबायचा. सुताचं गाठोडं उचलताना हात थरथरायचे. घरी गेला की चपला काढता काढता डोळा लागायचा. बायको सावित्रम्मा ताट वाढून बसायची आणि हा भिंतीला टेकून घोरायचा. मेमो वाचून मात्र त्याची झोपच उडाली. नोकरी गेली तर खायचं काय, या धास्तीनं तो सावित्रम्माला घेऊन मंडळाच्या दवाखान्यात गेला.

दवाखान्यातले डॉक्टर होटगीकर म्हणजे सरळ माणूस. मंडळात असा एखादा चुकून राहून जातो. त्यांनी तपासलं, विचारलं, "लहानपणी गालफुगी झाली होती?"

"झाली होती की. खाली बी सूज आली होती, लई दिवस."

"मग तेच. टेस्टोस्टेरॉन म्हणून पुरुषाच्या अंगात एक हार्मोन बनतं. त्या सुजेपासून तुमच्या अंगात ते जवळपास बनतच नाही. हा आळस नाही महादेवप्पा, आजार आहे. बाहेरून औषध दिलं की माणूस उभा राहतो."

महादेवप्पाच्या डोळ्यांत पाणीच आलं. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्याला आळशी म्हणालं नव्हतं. बाकावर बसलेल्या सावित्रम्माला तो म्हणाला, "ऐकलीस का? आजार हाय मला, आजार!" हेड क्लार्क झाल्यासारखा त्याचा चेहरा फुलला होता.

"औषधाच्या दोन तऱ्हा आहेत," डॉक्टर म्हणाले. "एक तेलातलं इंजेक्शन. तीन आठवड्यांतून एकदा, कमरेखाली. दुखतं. पहिल्या आठवड्यात अंगात वारं शिरल्यासारखं वाटतं, तिसऱ्यात माणूस परत ढेपाळतो. दुसरं मलम. रोज सकाळी खांद्याला चोळायचं. सुई नाही, चढउतार कमी. पण रोज आठवणीनं लावावं लागतं, हात धुवावे लागतात, अंग झाकावं लागतं. ते बायकापोरांच्या अंगाला लागता कामा नये. बाईला रोज लागत राहिलं तर मिशा फुटतील."

"अय्यो शिवा!" सावित्रम्मा म्हणाली. "सुईच द्या की वो डॉक्टर."

"मलमच बरं," महादेवप्पा म्हणाला. त्याला सुईची भीती वाटायची.

"काहीही घ्या. दोन्हींनी गुण येईल. फक्त इथं मिळत नाही, मुंबईहून मागवावं लागेल. मंडळाची मंजुरी तेवढी आणा."

इथवर सगळं सुरळीत होतं. इथून पुढं ते कायदेशीर झालं.

सेक्रेटरीसाहेबांनी अर्ज दोनदा वाचला आणि चष्म्यावरून डॉक्टरांकडे पाहिलं. "एका आजाराला दोन औषधं? मग दोहोंत श्रेष्ठ कोणतं हे ठरल्याशिवाय खरेदी कशी करायची? उद्या ऑडिट विचारील, मलम का घेतलं, सुई का नाही. तुलना झाली पाहिजे."

"तुलना कसली साहेब? माणूस समोर आहे. त्याला देऊन बघू."

"त्याला कसं देणार? त्याला बरं व्हायचंय. म्हणजे तो हितसंबंधी व्यक्ती झाला. ज्या बाबीत ज्याचा हितसंबंध, त्या बाबीपासून त्यानं दूर राहावं, असा आपला नियम आहे."

"मग औषध द्यायचं कुणाला?"

"ज्यांना त्याची गरज नाही त्यांना. त्यांचंच मत निःपक्षपाती असणार."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. बैठकीच्या इतिवृत्तात याची नोंद 'डॉक्टरांनी सहमती दर्शवली' अशी झाली. इतिवृत्त लिहायला महादेवप्पाच होता. साहेबांनी सांगितलं ते त्यानं सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं.

मग निरोगी माणसं शोधण्यासाठी मंडळाची सभा भरली. माळशिरसचे सदस्य कुंडलिकराव, उसाचे मोठे बागायतदार, सगळ्यांत आधी उठले. "मला काय बी गरज न्हाय. देवाच्या दयेनं सगळं झ्याक चाललंय. माजं नाव घाला." अध्यक्ष शिवलिंगप्पा सुताचे व्यापारी, ते म्हणाले, गरज तर आपल्याला काडीची नाही, पण लोकांच्या सेवेसाठी खांदा पुढं करायला आपण तयार आहोत. मग काय विचारता! ज्याला त्याला आपली गरज दुसऱ्यापेक्षा कमी वाटायला लागली. टेंभुर्णीचे एक सदस्य सत्तरी ओलांडलेले, त्यांना खुर्चीतून उठवायला दोघं लागायचे. त्यांनी सिद्धरामेश्वराची शपथ घेऊन सांगितलं, की या जिल्ह्यात या औषधाची सर्वांत कमी गरज कुणाला असेल तर ती आपल्याला. त्यांचं नाव पहिलं लागलं.

औषधाची खोकी आली. ती उतरवून घेतली महादेवप्पानं, कपाटात रचली महादेवप्पानं, आणि कुलूप लावून रोज संध्याकाळी ते ओढून बघायचं कामही त्याचंच.

सावित्रम्मा चिडली. "किल्ली तुमच्याच कनवटीला हाय न्हवं? एक डबी घरी आणली तर कोण बगायलाय?"

"मी हितसंबंधी हाय," महादेवप्पा म्हणाला, आणि भिंतीला टेकून झोपला. असल्या माणसापुढं बायकोनं डोकं तरी किती फोडायचं?

मंडळात लगेच दोन गट पडले. आपल्याकडं दोन माणसं आणि दोन वस्तू एकत्र आल्या की गट पडतातच. कुंडलिकराव सुई गटाचे पुढारी झाले, शिवलिंगप्पा मलम गटाचे.

सुई गटानं एकाच दिवशी सुया टोचून घेतल्या. पहिल्या आठवड्यात त्यांनी सभा दणाणून सोडली. प्रत्येक तालुक्याला सुताचं गोदाम मंजूर केलं, दिल्लीला निषेधाची तार ठोकली, आणि कुंडलिकरावांनी टेबलावर अशी मूठ आपटली की काच तडकली. तिसऱ्या आठवड्यात हाच गट टेबलावर माना टाकून पडला आणि कशाला ती कटकट म्हणून सगळी गोदामं रद्द करून मोकळा झाला. सेक्रेटरीसाहेब हुशार, त्यांनी परिपत्रक काढलं, की यापुढं महत्त्वाचे विषय फक्त पहिल्या आठवड्यात घ्यावेत.

मलम गटाला असले चढउतार नव्हते. ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकाच सुरात बोलत राहायचे आणि दमायचे नाहीत. ऐकणारे मात्र बाहेर जाऊन चहा पिऊन येत.

एक दिवस अध्यक्षांच्या पत्नी काशम्मा पदर तोंडाला लावून थेट सभेत घुसल्या. पदर बाजूला केला तर वरच्या ओठावर कोवळी मिसरूड! "ह्यांना सांगितलं होतं डॉक्टरांनी, अंग झाकून झोपा म्हणून! हे उघडंबंब पडतात आन् वर मलाच म्हणतात खांदा चेप! आता माहेरी कुठल्या तोंडानं जाऊ, सांगा की!"

"सुईत आसला डाग न्हाय बगा," कुंडलिकराव मिशीला पीळ देत म्हणाले. काशम्मांनी त्यांना असं झापलं की पहिला आठवडा असूनही ते गप्प बसले. साहेबांनी 'मलमाचे फायदे' या सदराखाली नोंद करायला लावली: लाभ कुटुंबीयांसही पोहोचतो.

डॉक्टर होटगीकरांना राहवेना. त्यांनी सभेला बजावलं, "अहो, तुम्ही धडधाकट माणसं. बाहेरून हे हार्मोन घेत राहिलात तर अंगातलं तुमचं स्वतःचं बनणं बंद पडतं. आज थांबवलंत, तर कित्येक दिवस या महादेवप्पासारखे व्हाल."

टेंभुर्णीच्या सदस्यांनी घाबरून आपली डबी खिशात घट्ट धरली. सेक्रेटरीसाहेबांनी क्षणभर विचार केला आणि त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे हे सगळे आता रुग्ण झाले?"

"तसंच म्हणा!"

"मग प्रश्नच मिटला. रुग्णाला औषध देणं हे मंडळाचं कर्तव्य आहे. यांचे उपचार चालू आहेत, ते मध्येच तोडता येत नाहीत. सगळा साठा यांच्यासाठी राखून ठेवा."

"आणि महादेवप्पा?"

"त्यांचे उपचार अजून सुरू झालेले नाहीत. त्यामुळं ते थांबण्याचा प्रश्न उद्भवत नाही."

हेही महादेवप्पानं लिहून घेतलं. घरी जाऊन तो सावित्रम्माजवळ ढसाढसा रडला. लई राग आला होता त्याला, पण राग धरून ठेवायलाही अंगात बळ लागतं. रडता रडता तो झोपी गेला.

मेमोची मुदत संपली त्याच दिवशी तुलनेच्या अहवालाचं जाहीर वाचन होतं. सभागृहात पाऊल ठेवायला जागा नव्हती. सूत मागायला येणारे विणकर आले, व्यापारी आले, वकील आले, शाळेचे मुख्याध्यापक आले. सगळे विज्ञानाच्या ओढीनं आल्याचं एकमेकांना सांगत होते. साहेबांनी वाचन सुरू केलं. मंडळात एकूण कार्यक्षमता वाढली आहे, मरगळ फक्त एका कारकुनात उरली आहे, सबब त्यांना आजपासून सेवामुक्त करण्यात येत आहे, हे वाक्य पहिल्याच पानावर होतं.

महादेवप्पा भिंतीला धरून उठला. जन्मात पहिल्यांदा तो सभेत मोठ्यानं बोलला. "साहेब, नोकरी घ्या. पर औषध द्या. मलम द्या न्हाईतर सुई द्या, मला कुठलं बी चालतंय. मला फकस्त जागं राहायचंय!"

"अहो खाली बसा!" मागून कुणीतरी ओरडलं. "निकाल ऐकू द्या!"

"माणूस आजारी हाय की वो!" दारातून सावित्रम्मा किंचाळली. "तुमाला काय झालंय? तुमी कशाला आलाव?"

"बाई, गप बसा! साहेब, पुढं वाचा!"

तिनं नवऱ्याचा दंड धरला आणि त्याला गर्दीतून बाहेर काढलं. पुढं महादेवप्पाचं काय झालं, मला ठाऊक आहे. पण आजवर मी ही हकीकत कितीतरी जणांना सांगितली, शिकलेल्यांना, मोठ्या मनाच्या माणसांना. सगळे हळहळतात, मंडळाला शिव्या घालतात, 'बिचारा' म्हणतात. मग इकडंतिकडं बघतात, खुर्ची जवळ ओढतात आणि हळूच विचारतात, "ते असू द्या. निकाल काय लागला? मलम की सुई?"

तुम्हीही तेच विचारणार होतात ना? विचारा, लाजू नका. फक्त मित्रासाठी विचारतोय, असं तेवढं म्हणू नका.